माती कोठी हाये?

आमच्या मोठेबाबांना निवांत बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. त्या एका वेळेपर्यंत तुम्हाला न्यायचं आहे, पण त्यासाठी त्यांच्यामागून थोडं चालावं लागेल. आम्हीही असेच चालत आलो.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. चहा उभ्याने प्यायचे, आणि उभ्याने म्हणजे एका जागी उभं राहून नव्हे. कप-बशी हातात घेऊन स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालायच्या. चहा किती आतल्या बाजूला सांडला आणि किती बाहेरच्या, यावरून ते आज कुठे जास्त वेळ होते हे सांगता यायचं. जेवायला बसायचे, पण अर्ध्या पोळीवर उठायचे. "थांब, एक गोष्ट राहिली," म्हणायचे, अंगणात जायचे, काहीतरी पाहून परत यायचे. काय राहिलं होतं, ते कधी कोणाला कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही नाही.

दर्यापूरच्या स्टँडवर एसटीत जागा धरून बसले की त्यांना शंका यायची, ही गाडी अमरावतीचीच ना? मग उतरून पाटी वाचून यायचे. पाटी अमरावतीचीच असायची, जागा मात्र गेलेली असायची. अमरावतीपर्यंत दांड्याला धरून उभे. वर मला सांगायचे, "बसून बसून कंबर लागते बे, उभं राहिलेलं बरं."

त्यांना बसवणारं माणूस एकच, ते म्हणजे त्यांची बायको, आमची मोठीआई. ती बोलायची कमी आणि बोलायची तेव्हा हातातलं काम थांबवायची नाही. "बसा जरा. जमीन पळून नाही जाऊन राहिली," एवढंच म्हणायची. मोठेबाबा बसायचे. फार वेळ नाही, पण बसायचे.

आणखी एका ठिकाणी त्यांचे पाय ठरत. मातीला गेले की.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या वऱ्हाडात अंत्ययात्रेला जाणं याला मातीला जाणं म्हणतात. सकाळी धुतलेला पंचा खांद्यावर टाकून कोणी निघालं आणि रस्त्यात विचारलं, "कोठी चालले?" तर उत्तर येतं, "मातीले." मग पुढचा माणूस आपलं काम असलं तरी सांगत नाही. साहेबलोकही तसंच म्हणतात. रजेच्या अर्जात "नातेवाईकाच्या अंत्यविधीसाठी" लिहितात आणि फोनवर सांगतात, मातीले गेलतो. आता माती म्हणायची, पण नव्वद टक्के ठिकाणी माणूस जाळतात. यात कोणाला काही खटकत नाही. मलाही कधी खटकलं नव्हतं, आणि मी तर मराठीचा मास्तर.

आमच्या घराचं मात्र वेगळं होतं. आमच्यात खरोखरच माती द्यायचे. दर्यापूरच्या पुढे आमचं वावर आहे, काळ्या जमिनीचं. त्याच्या एका कोपऱ्यात, धुऱ्याजवळ म्हणजे बांधालगत, निंबाखाली आमची माणसं आहेत. आजोबा आहेत, त्यांच्या आधीचे आहेत, माझे वडील लवकर गेले, तेही तिथेच आहेत. त्या कोपऱ्यात कधी पेरा झाला नाही. डोक्याशी एकेक दगड, एवढीच खूण. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे दगड दरवर्षी कलतात. पेरणीच्या आधी ते सरळ करून ठेवणं हे मोठेबाबांचं काम. ते करताना एकेका दगडाशी बोलायचेही. माझ्या वडिलांच्या दगडाला म्हणायचे, "लहानपनापासून असाच वाकडा बसतं तू."

माती द्यायची एक रीत होती. ओंजळ नाही, मूठ. आणि मूठ वरून उघडायची नाही, खाली वाकून जवळ नेऊन उघडायची. वडिलांच्या वेळी मी घाबरून लांबूनच टाकली, तेव्हा मोठेबाबांनी माझं मनगट धरलं. "फेकाची नाही, ठेवाची," म्हणाले. पुन्हा मूठ भरायला लावली. एवढ्या धांदलीच्या माणसाचा हात त्या वेळी अगदी स्थिर होता.

पुढे शेती बटईने, म्हणजे वाट्याने, दिली आणि दोघं अमरावतीला प्रकाशकडे राहायला गेले. प्रकाश हा त्यांचा मुलगा, माझ्याहून थोडा लहान, विजेच्या सामानाचं दुकान. त्याची बायको वर्षा. मोठेबाबांच्या चहाचे डाग पुसत पुसत ती बिचारी म्हणायची, "मामाजी, बसून प्या ना." पण ते वाक्य मोठीआईचं नव्हतं, त्यामुळे त्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

मोठीआई गेली ती ऐन श्रावणात. झड लागली होती. मी अकोल्याहून निघालो तर रस्त्यात जागोजागी पाणी. प्रकाशकडे पोचलो तेव्हा सगळं ठरलेलं होतं. वावरात न्यायचं म्हटलं तर शेवटचा पांदण रस्ता गुडघाभर चिखलाचा. त्या दिवसांत तिथे बैलही जात नाही, तर गाडी कुठली? खड्डा खणला तर वरून खणा आणि खालून पाणी. प्रकाश मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, इथंच करू. तू सांग ना बाबांना." मी सांगितलं. मोठेबाबा मान हलवत "हो, हो" म्हणाले. त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं होतं की नाही, देव जाणे.

स्मशानभूमीत पत्र्याची शेड होती. पावसाच्या आवाजात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. लोक रांगेने पुढे होत होते आणि गोवरीचा तुकडा सरणावर ठेवून मागे सरत होते. मोठेबाबांची पाळी आली. ते पुढे गेले नाहीत, शेडच्या बाहेर गेले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी राहिलं. ते पावसात वाकले, मूठ भरली, परत आले, आणि मोठीआईच्या पायांशी वाकून त्यांनी मूठ उघडली. नीट, जवळ नेऊन. फेकली नाही, ठेवली.

तिथला सरण लावणारा माणूस ओरडला, "ओ काका! माती कावून टाकून राहिले? आधीच लाकडं ओली हायेत. हे घ्या, गोवरी टाका, गोवरी!" आणि हातातल्या बांबूने त्याने तो चिखल खाली ढकलून दिला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला त्या दिवशी पेटवायचं होतं आणि पेटत नव्हतं.

प्रकाश शरमेने म्हणाला, "बाबा, काय करून राहिले तुमी? व्हा ना मागं." मोठेबाबा मागे झाले. एका हातात गोवरी होती, दुसरा हात काळा. सरण पेटायला फार वेळ लागला. तेवढा सगळा वेळ ते आपल्या काळ्या हाताकडे पाहत होते.

संध्याकाळी घरी लोक बसलेले असताना त्यांनी मला विचारलं, "सुध्या, आज आपन कोठी गेलतो?"

मी म्हटलं, "मातीले, मोठेबाबा."

"मंग माती कोठी हाये?"

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी समजलो. खोलीतल्या सगळ्यांनीही तेच समजून घेतलं. राख सावडली, आणि ती घेऊन आम्ही तिघं पूर्णेवर गेलो. आमच्या गावाच्या अलीकडे पूल आहे, त्याच्या खाली नदीचं एक वळण आहे. नदी भरून चालली होती, रंग चहासारखा. प्रकाशने मडकं उपडं केलं, आणि राख पाण्याने कधी घेतली ते दिसलंसुद्धा नाही. परत निघताना मोठेबाबा थांबले. "थांब, एक गोष्ट राहिली," म्हणाले. आम्ही थांबलो. ते पाण्याकडे पाहत राहिले, मग स्वतःच गाडीत येऊन बसले.

त्यानंतर फोन सुरू झाले.

एम.ए. मराठी या माझ्या पदवीचा घराला तोवर दोनच कामांत उपयोग झाला होता. लग्नपत्रिकेतल्या चुका काढणे, आणि पत्रिका छापून आल्यावर राहिलेल्या चुकांबद्दल बोलणी खाणे. मोठेबाबांनी त्या पदवीला एकदम कामाला लावलं. मी आंघोळीला गेलो की फोन यायचा. माझी बायको मंगला दाराबाहेरून ओरडायची, "अहो, मोठेबाबा विचारतात, आपण जाळतो तर माती काहून म्हणतो?"

मी ओल्या अंगाने सांगायचो, "पूर्वी सगळेच पुरत असतील. नंतर जाळायला लागले. शब्द राहिला."

"म्हंजे काम सोडलं अन् शब्द धरून ठेवला," मोठेबाबा म्हणायचे. "हे पटत नाही मले. पाय ना तुह्या त्या जाड पुस्तकात."

मी कोश पाहिला. माती हा शब्द मृत्तिकेपासून आला, असं मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे चपलांचा आवाज थांबला.

"मृत्तिका! अरे, मंग झालंच की. मेला तो मृत, अन् त्याची ते मृत्तिका. म्हंजे माती मानसाचीच, जाळा का पुरा!"

आवाजात इतका आनंद होता की शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं. पण मास्तरकीची खोड वाईट. मी म्हटलं, "नाही मोठेबाबा. ते दोन शब्द दिसायला सारखे आहेत, पण मुळं वेगळी. मृत हा मरण्यापासून आला आणि मृत्तिका चुरडण्या-कुस्करण्यावरून. एकमेकांचा संबंध नाही."

चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग ते म्हणाले, "अन् ह्याचा तुले सरकार पगार देते?"

मोर्शीला वर्षाचे काका वारले. संत्र्याची मोठी बाग, माणसं भरपूर. मोठेबाबांना घेऊन जायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण प्रकाशने दुकानाचं कारण आधी सांगून टाकलं होतं. तिथे गुरुजी विधी करत होते आणि सगळे गंभीर चेहऱ्यांनी उभे होते. मोठेबाबा गुरुजींच्या कानाशी वाकले. ते हळू बोलतात असा त्यांचा समज होता.

"गुरुजी, एक विचारू का? याले माती कावून म्हनते?"

गुरुजी मंत्र न थांबवता भुवया वर करून बघत राहिले.

"नाही, म्हंजे तुमी तं जाळून राहिले ना?"

गेलेल्या माणसाचा मोठा मुलगा वळला. मी पुढे सरसावून म्हटलं, "त्यांना जरा कमी ऐकू येतं." याचा प्रश्नाशी काय संबंध, ते मला आजही सांगता येणार नाही. मुलगा म्हणाला, "ऐकू कमी येते तं बोलून काहून राहिले?" त्याचं बरोबर होतं. परतीच्या वाटेवर मी रागावलो होतो. मोठेबाबा पायाशी ठेवलेल्या संत्र्यांच्या पिशवीकडे पाहत म्हणाले, "त्यायनं सगळ्यायनं गोवरीच ठेवली. एकानंही खाली वाकून पायलं नाही."

नंतर ते चार दिवस राहायला म्हणून अकोल्याला माझ्याकडे आले. आमच्या गल्लीत काझी सर राहतात, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. माझ्याकडून उत्तर मिळत नाही म्हटल्यावर मोठेबाबा थेट त्यांच्याकडे गेले. मी मागोमाग गेलो, मोर्शीची आठवण ताजी होती.

काझी सरांना प्रश्न फार आवडला. म्हणाले, "मयत जो आप बोलते ना, वो तो अरबी है. मय्यत, यानी मरा हुआ. कोई बोलेगा कि आपका मातीले जाना उसी से बिगड़ के बना. मेरे को नहीं लगता. हम भी तो बोलते ना, मिट्टी में जा रहे, मिट्टी देके आए. जनाज़े में जो आया उसने अपने हाथ से मिट्टी देना. तो आपका भी वही होगा साहब. हाथ से देने की चीज़ है."

"हाताचीच हाये," मोठेबाबा म्हणाले. ते खुर्चीच्या कडेवर होते, उठायच्या बेतात. "अन् कोनाची द्याची राहिली तं?"

"तो बाद में कबर पे चले जाना. दुआ पढ़ना. लोग जाते हैं."

"कबरच नसन तं?"

काझी सर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. आतून चहा आला. मोठेबाबांनी कप उचलला आणि फाटकाकडे चालायला लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके महिने मी त्यांना शब्दाची मुळं पुरवत होतो, आणि त्यांना हवी होती एक जागा. मोठीआईला त्यांच्या हातची माती मिळाली नव्हती. मिळाली होती ती बांबूने ढकलून दिली गेली. शब्दाचा अर्थ जर नुसता 'जाळणं' असा निघाला असता तर त्यांची सुटका होती. जर तो खरंच हाताने माती देण्यापासून आला असेल, तर त्यांचं काम राहिलेलं होतं. आणि या वेळी त्यांना नेमकं माहीत होतं, काय राहिलं ते.

त्यातून दुसरा घोळ निघाला, तो त्यांच्या स्वतःच्या मातीचा. एके दिवशी प्रकाशला सांगितलं, "मले वावरात ठेवजा, बापाच्या बाजूले. जागा हाये." प्रकाश हो म्हणाला. आठवड्याने म्हणाले, "नाही, वावरात नको. तिले जथी जाळलं तथीच जाळजा." प्रकाश त्यालाही हो म्हणाला. पुढच्या सणाला सगळे जमलो तर पुरणपोळीवर तूप घेता घेता, "मी काय म्हनतो, वावरातच बरं." वर्षाने हातातली वाटी खाली ठेवली. प्रकाश ओरडला, "बाबा, एक काय ते ठरवा ना! मले सांगता एक अन् दादाले सांगता एक."

"ठरवाले बसलो की उठावं लागते," मोठेबाबा म्हणाले आणि उठले.

हसलो आम्ही. पण त्यांची अडचण खरी होती. वावरात गेले तर बाप, भाऊ, सगळी माणसं आहेत, मोठीआई नाही. अमरावतीला गेले तर तिथे तीही नाही. नुसती शेड.

वैशाखात त्यांचा फोन आला. "दगड सरळ कराचे हायेत. येतं का गाडी घेऊन?" मी नुकतीच नवी गाडी घेतली होती. सीटवरचं प्लास्टिक काढू द्यायला मी तयार नव्हतो आणि मंगला त्यावर बसायला तयार नव्हती. मोठेबाबांना घेऊन निघालो. ते प्लास्टिक दर वळणावर करकरत होतं, आणि ते सारखे हलत असल्यामुळे सरळ रस्त्यावरही करकरत होतं.

पूर्णेचा पूल आला तसे ते ओरडले, "थांबव! थांबव गाडी!"

मला वाटलं छातीत कळ आली. बघतो तर ते दार उघडून उतरलेही होते. पुलाखाली नदी आटली होती, मधे पाण्याची बारीक रेघ. वळणाच्या आतल्या बाजूला एक ट्रॅक्टर उभा होता आणि दोघंतिघं फावड्याने ट्रॉली भरत होते. मोठेबाबा उतारावरून घसरत खाली गेले. त्यांच्यामागे मी, कॉलेजचे बूट सांभाळत.

"काय भरून राहिले?" मोठेबाबांनी विचारलं.

"गाळ," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "वावरात टाकतो. कसदार अस्ते."

गाळ टाकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच टाकतात, मोठेबाबांनी स्वतः कितीदा तरी टाकला होता. पण ते असे उभे होते, जणू तो शब्द पहिल्यांदाच ऐकत होते.

"इथीच बसते का गाळ? या वळनावर?"

"इथीच बसते. पानी वळते ना, तं जड जड सगळं इथी टाकून जाते नदी."

"सगळं?"

"आता सगळं म्हंजे काका..." तो माणूस हसला. "जे वरून येते ते."

"वरून नाही, इथूनच टाकलं अशीन तं?"

ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मला पुन्हा 'त्यांना कमी ऐकू येतं' असं म्हणायचा मोह झाला. पण मोठेबाबा खाली वाकले होते. त्यांनी गाळ मुठीत घेतला होता आणि मुठीकडे पाहत होते, त्या श्रावणात पाहत होते तसेच. मी म्हटलं, "भाऊ, रिकामं पोतं आहे का एखादं?"

पोती मिळाली. मोठेबाबांनी कोणाला हात लावू दिला नाही, स्वतः भरली. उचलताना मात्र आम्ही सगळे लागलो. वरचा थर वाळलेला होता, आतला ओला. माझ्या नव्या गाडीच्या डिक्कीत ती पोती बसली आणि गाडी मागून अशी खाली गेली की मी दोनदा वाकून चाकं पाहिली. पुढचा सगळा रस्ता मी मंगलाला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. शेजारचं प्लास्टिक करकरत नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

वावरात निंबाखाली त्यांनी पोतं उघडलं, पण ओतलं नाही. आजोबांच्या दगडाच्या पलीकडे जी जागा ते स्वतःसाठी म्हणायचे, तिथे ते वाकले. एकेक मूठ काढायची, खाली न्यायची, उघडायची. काळ्या ढेकळांवर तो राखाडी गाळ वेगळा दिसत होता. ऊन डोक्यावर होतं, निंबाची सावली पुरत नव्हती. मी म्हटलं, "मोठेबाबा, मी करू?"

"कर ना. तुही बी मोठीआई होती."

मी मूठ भरली. ठेवली. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघून घेतलं आणि आपली पुढची मूठ भरली. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाला याहून मोठी शाबासकी मिळालेली मला आठवत नाही.

पण मास्तरकीची खोड मी वर सांगितलीच आहे. मी म्हटलं, "राख तर पुराच्या पाण्यात टाकली होती. ती पार वाहून गेली असेल."

"गेली अशीन."

"हा गाळ नंतरच्या पुरांचाही असेल."

"अशीन ना." ते काम करत राहिले. "पन तिच्यातलं काहीच बसलं नशीन, असं लिहून हाये का तुह्या पुस्तकात? एक कन? एवढासा?"

"नाही. असं लिहिलेलं नाही."

"मंग झालं तं."

पोती रिकामी झाली. त्यांनी ती झटकली, घडी घातली. मग हात एकमेकांवर पुसले आणि निंबाकडे, दगडांकडे, सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"झाली माती," म्हणाले.

आणि बसले. धुऱ्यावर, पाय पसरून. मी वर्षाने दिलेल्या थर्मासमधला चहा ओतून कप पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बसल्या जागी प्यायला सुरुवात केली. मला उभं राहावं की बसावं तेच कळेना. मी उगाच दगड सरळ करू लागलो. वडिलांचा दगड नेहमीसारखाच वाकडा होता.

थोड्या वेळाने म्हणाले, "आता मले कोठीही जाळा. अमरावतीलेच जाळा, प्रकाशले सोपं जाते. मंग त्या वळनावर न्याजा."

"बरं."

"अन् उन्हाळ्यात तू येजो." त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं. "पन पोत्याखाली ताडपत्री टाकत जा बाप्पा. मंगला मले शिव्या देऊन राहिली अशीन आत्तापासून."

मी गाडी वळवायला पुढे गेलो. वळवून आरशात पाहिलं. मोठेबाबा तसेच बसले होते. कशाची वाट पाहत नव्हते, कुठे जायला निघाले नव्हते. कप रिकामा झाला होता तरी हातात होता. मी हॉर्न वाजवला नाही. गाडी बंद केली आणि त्या करकरत्या प्लास्टिकवर मीही बसून राहिलो.

ते गेले थंडीत. पांदण रस्ता कोरडा ठणठणीत होता. प्रकाश माझ्याकडे आला, डोळे सुजलेले. "दादा, या खेपेला वावरात नेता येते. शेवटचं काय म्हनत होते ते? मले तं काहीच समजलं नाही." मी त्याला नदीचं आणि गाळाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. आईच्या वेळी बाबांना मागं व्हा म्हटलं होतं, ते त्याला आठवलं असावं, कारण "मंग जसं म्हनले तसंच करू," एवढंच तो म्हणाला. त्याच पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही रांगेने पुढे झालो, गोवरी ठेवली. काझी सर अकोल्याहून आले होते. रस्त्यात कोणीतरी त्यांना विचारलं, कुठे निघालात, तर म्हणाले, मातीले.

राख आम्ही त्याच वळणावर सोडली.

आता चैत्र संपत आला. परवा पुलावरून गेलो तर पाणी बरंच खाली गेलेलं दिसलं, वळणाची कड उघडी पडली आहे, पण गाळ अजून ओला आहे. अजून थोडे दिवस. यंदा वळीव लवकर येणार असं सगळे म्हणतात, आणि नदीला एकदा लोंढा आला की मग काय राहील आणि काय जाईल, सांगता येत नाही. ताडपत्री डिक्कीत टाकून ठेवली आहे, पोती धुऊन वाळवली आहेत. प्रकाश रविवारी येतो म्हणाला आहे. त्याच्या त्या रविवारचा मला भरवसा नाही, म्हणून रोज फोन करतो.

मंगला म्हणते, "अहो, चहा बसून प्या ना. नदी पळून नाही जाऊन राहिली."

मी हो म्हणतो, आणि कप घेऊन फाटकापर्यंत जाऊन आभाळ पाहून येतो.